रुंदी बघून टायर घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच मसल कारवर, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जोरदार अमेरिकी गाड्यांवर, पानभर मजकूर आला. इंजिनाची ताकद, सायलेन्सरचा आवाज, शून्यावरून शंभरला पोचायला लागणारे सेकंद, सगळे त्यात होते. टायरच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले : रुंद टायरमुळे जबरदस्त पकड मिळते. हे वाक्य निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर जून ते सप्टेंबर अंगाशी येते. खऱ्या मसल कार आपल्याकडे बोटांवर मोजण्याएवढ्या. पण त्यांचे फोटो पाहून स्कॉर्पिओला, थारला, जुन्या सेडानला तसलेच टायर चढवणारे गावोगाव आहेत. दोघांनाही लागू पडेल असे थोडे सविस्तर लिहितो. जागेअभावी कापायचे झाल्यास कृपया आकडे कापू नयेत.

गाडी केवढीही असो, रस्त्याला ती टेकते चार तळहातांएवढ्या जागेत. २०१६ साली भारतात अधिकृतपणे आलेली फोर्ड मस्टँग जीटी घ्या. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन, चारशेच्या आसपास अश्वशक्ती, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि चालकासह वजन पावणेदोन टनांच्या वर. म्हणजे एका चाकावर साधारण साडेचारशे किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. साडेचारशे भागिले सव्वादोन, उत्तर २००. एवढे चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला लागले की वजन पेलले जाते. टायर २०५ मिलिमीटर रुंदीचा असो की २७५ चा, हवा आणि वजन तेच राहिले तर ही जागा फारशी वाढत नाही. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरखाली ती लांबट असते, रुंद टायरखाली आडवी आणि आखूड.

आडव्या जागेचा फायदा कोरड्या वळणावर होतो. स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते, रबर कमी पिळवटते, उष्णता जास्त भागात पसरते. शिवाय रुंद टायरला मऊ रबर वापरले तरी तो लगेच संपत नाही, आणि खरी पकड या मऊ रबरातून येते. पाणी असले की गणित उलटते. रुंद तोंडासमोर पाणी जास्त येते आणि जागा आखूड असल्याने ते बाजूला सारायला वेळ कमी मिळतो. टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग हातात एकदम हलके लागते आणि तेवढ्या वेळात ब्रेकचा उपयोग होत नाही. गुळगुळीत टायर कोणत्या वेगाला पाण्यावर चढेल याचा एक जुना ठोकताळा नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या चाचण्यांतून आला आहे. पीएसआयमधल्या दाबाचे वर्गमूळ काढून १६.६ ने गुणायचे. ३६ पीएसआयला उत्तर येते ताशी १०० किलोमीटर, ३२ ला ९४, आणि हवा २५ वर उतरली असेल तर ८३. नक्षी खोल असेल तर आकडा वर सरकतो, टायर रुंद असेल तर खाली. महामार्गावर सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात जिथे रस्ता वळवलेला असतो, तिथे उजव्या कडेला तळे साचते. रुंद आणि अर्धा झिजलेला टायर घेऊन त्या तळ्यात ९० ने शिरणे म्हणजे काय, हे या आकड्यांवरून कळावे.

आता माप. टायरच्या बाजूला २५५/४० आर १९ १०० वाय असे छापलेले असते. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४० म्हणजे साइडवॉलची, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या उभ्या बाजूची, उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे १०२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १९ हा रिमचा इंचातला व्यास. पुढचे १०० हा भाराचा निर्देशांक आणि वाय हे वेगाचे अक्षर. लोक पहिल्या आकड्यापाशी थांबतात, दुकानदारही तिथेच थांबवतो. खरा घोळ शेवटच्या दोन खुणांत होतो. भाराचा निर्देशांक ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. २५५/४० आर १९ हे एकच माप या दोन्ही निर्देशांकांत मिळते. १०० चा टायर एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा असतो आणि पूर्ण भारासाठी त्याला हवाही जास्त लागते. गाडीला १०० चा सांगितला असेल तर ९६ चा चालत नाही, स्वस्त पडला तरी. वेगाची अक्षरे अशी : एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. ‘आपण कुठे तीनशेने जाणार’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो आणि त्याचे नक्षीखालचे पट्टे किती घट्ट बांधलेले आहेत हेही सांगते. जड गाडी, मे महिना, जत-आटपाडीकडचा तापलेला रस्ता आणि सलग दोन तास शंभरचा वेग, एवढ्यात कमी प्रतीच्या टायरचा पट्टा सुटायला सुरुवात होऊ शकते. कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये.

टायरची एकूण उंची काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवायची. मस्टँग जीटीला पुढे २५५/४० आर १९ आणि मागे २७५/४० आर १९ ही मापे आहेत. पुढचा टायर येतो ६८७ मिलिमीटर, मागचा ७०३. हा सव्वादोन टक्क्यांचा फरक कंपनीने मुद्दाम ठेवलेला असतो. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी) तो गृहीत धरून चाकांचे फेरे मोजतात. मागे २८५/३५ आर १९ घातला तर उंची ६८२ होते. टायर रुंद दिसतो, पण फरक उलटा होतो, स्पीडोमीटर शंभर दाखवताना गाडी ९७ ने जाते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागण्याची शक्यता असते. स्कॉर्पिओवाल्यांचे उलटे. जुन्या स्कॉर्पिओच्या २३५/६५ आर १७ ऐवजी २६५/६५ आर १७ चढवला की उंची ७३७ वरून ७७६ होते. काटा शंभरवर असताना गाडी १०५ ने पळते, पसरणीचा चढ तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो, पूर्ण वळण घेतले की टायर आतल्या अस्तराला घासतो, आणि इंजिन बिघडल्याची तक्रार घेऊन मालक मेकॅनिककडे जातो. मूळ उंचीपेक्षा तीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये.

टायरला रिमही तेवढीच रुंद लागते. २५५/४० ला साडेआठ ते दहा इंच, २७५/४० ला नऊ ते अकरा. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की साइडवॉल फुगते, मधली नक्षी आधी झिजते आणि वळणावर गाडी डुलते. रुंद रिमवर टायर ताणून बसवायची एक टूम आहे. त्यात पहिल्याच खड्ड्याला रिमची कड उघडी पडून वाकते. बाजारातली रिम घेताना चार गोष्टी जुळाव्या लागतात : नटांची मांडणी (मस्टँगला पाच नट, ११४.३ मिलिमीटर वर्तुळावर), मधल्या भोकाचा व्यास (२०१५ नंतरच्या मॉडेलला ७०.५ मिलिमीटर), रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून नट बसणारी बाजू किती आत-बाहेर आहे ते). भोक मोठे असेल तर मध्ये रिंग घालावी लागते, नाहीतर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, ९० ला स्टिअरिंग थरथरतेच. चाक मडगार्डच्या बाहेर काढणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करायला ते मनाई करते, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर तेच बोट ठेवून दाखवतो.

मसल कारच्या टायरचा सगळ्यात मोठा शत्रू झीज नाही, वय आहे. एरवीची गाडी टायर झिजवते. ही गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघते, वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर फिरते आणि उरलेला वेळ पोर्चमध्ये उभी असते. नक्षी सहा-सात मिलिमीटर शिल्लक दिसते, म्हणून मालक निर्धास्त असतो. दरम्यान रबर कडक होत जाते. शोअर नावाच्या छोट्या काटेमापकाने ते मोजता येते : चांगल्या नव्या टायरचे रबर साधारण ६० ते ६५ दाखवते, ऐंशीच्या पुढे गेलेला टायर ओल्या रस्त्यावर नुसता घसरतो. अलाइनमेंटच्या प्रत्येक दुकानात हे मापक असायला हवे. फार महाग नसते. नसेल तर साइडवॉल आणि नक्षीच्या खाचांचा तळ उजेडात पाहा. केसासारख्या भेगा दिसल्या की टायर गेला.

वय कळायला साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. बाहेरून तारीख सापडली नाही तर गाडी लिफ्टवर घेऊन आतून बघावी, ‘तारीखच नाही’ म्हणून सोडून देऊ नये. सहा वर्षे झाली की दरवर्षी तपासणी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कोरी असली तरी बदल. जोरदार गाडीसाठी दहा वर्षेही जास्तच. आठव्या वर्षी टायर उतरवलेले बरे.

नव्या टायरच्या बाबतीतही तारीख बघावीच लागते. जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी टायर आयातीच्या ‘निर्बंधित’ यादीत घातले. तेव्हापासून परवान्याशिवाय माल येत नाही, आणि २७५/४० आर १९ सारखे कमी खपाचे माप पुण्या-मुंबईच्या गोदामात कधी महिनोन्‌महिने पडून असते. पैसे देण्याआधी चारही टायरच्या तारखेचे फोटो मागवावेत. एकाच अक्षावरच्या दोन टायरमध्ये काही आठवड्यांचा फरक चालतो, दोन वर्षांचा नाही. सोबत आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक आहे ना, तेही पाहावे. परदेशातून आलेले ‘सत्तर टक्के नक्षीचे’ जुने टायर स्वस्तात मिळतात, ते घेऊच नयेत. आतून केलेली दुरुस्ती रिमवर चढवल्यानंतर दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्याचा मोह धरायचे कारणही थोडे कमी झाले.

रबराचा प्रकार निवडताना अमेरिकेतली पुस्तके आणि व्हिडिओ इथे दिशाभूल करतात. तिकडे बर्फ पडतो, म्हणून ‘ऑल सीझन’ टायरचा आग्रह असतो. उन्हाळी रबर साधारण सात अंशांखाली कडक होते हे खरे, पण सातारा-सांगलीत पारा त्याखाली उतरतो तो फार क्वचित. थंडीत वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी आपण छापता, तशा पहाटे महाबळेश्वरात असाल तर पहिले पाच-सात किलोमीटर सावकाश चालवणे एवढेच पुरे. तेवढ्यासाठी वर्षभर ऑल सीझन टायर बाळगण्यात अर्थ नाही; त्यांची मेच्या उन्हातली ब्रेकिंग कमी पडते. आपल्याला हवा तो रस्त्यासाठीचा उन्हाळी टायर, पण पाणी काढणारा.

तो ओळखायचा कसा? साइडवॉलवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर असे तीन दर्जे छापलेले असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मालावर ते असतात आणि इथे येणाऱ्या बहुतेक उच्च दर्जाच्या टायरवरही दिसतात. ट्रेडवेअर २०० किंवा त्याखाली म्हणजे शर्यतीच्या मैदानाकडे झुकलेले रबर. ते तापल्याशिवाय धरत नाही आणि त्यावर खाचा नावापुरत्या असतात. ३०० च्या आसपासचा टायर या गाड्यांना योग्य. ५०० च्या पुढे टिकाऊपणा वाढतो, पकड घटते. चारशे अश्वशक्तीच्या मागच्या चाकांना तो पुरत नाही. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवरून ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना काटेकोर मानू नये. ट्रॅक्शनचा दर्जा एए किंवा ए असावा, पण तो सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगचा आहे, वळणाचा नव्हे. टेंपरेचर, म्हणजे उष्णता सोसण्याचा दर्जा, ए च असावा. शिवाय डोळ्यांनी बघा : गोलाकार जाणाऱ्या किमान चार रुंद खाचा सलग असल्या पाहिजेत. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत टायर चालतो आणि खाचांतली उंचवट्याची खूण तिथपर्यंतच सांगते. रुंद टायरच्या बाबतीत जूनच्या आधी तीन मिलिमीटरखाली गेलेला टायर बदलावा. दिवाळीपर्यंत काढतो म्हणणाऱ्याने मग पाऊस असेपर्यंत गाडी काढू नये.

ड्रॅग रेडियल म्हणून एक प्रकार मिळतो. दिसायला झकास, सरळ पट्ट्यावर पाव मैल पळायला बनवलेला. मुळात मसल कार जन्माला आली तीच अशा सरळ रस्त्यांसाठी. १९६४ ची पाँटियाक जीटीओ या घराण्याची मूळपुरुष मानली जाते. यवतेश्वर आणि आंबेनळी घाटात सरळ रस्ता किती आहे हे वाचकांना माहीत आहे. पावसात ड्रॅग रेडियल म्हणजे गोटा टायरच.

कुणाकडे साठ-सत्तरच्या दशकातली आयात गाडी असेल तर तिचे माप एफ ७०-१४ किंवा जी ६०-१५ असे लिहिलेले सापडेल. पहिले अक्षर भाराचा वर्ग सांगते, ७० किंवा ६० ही टक्केवारी, शेवटी रिम. आजच्या भाषेत एफ ७०-१४ च्या जवळ २१५/७० आर १४ येतो आणि जी ६०-१५ च्या जवळ २३५/६० आर १५. मूळ टायर रेडियल नव्हते, आपल्याकडे ज्यांना सरसकट नायलॉन टायर म्हणतात त्या तिरक्या धाग्यांच्या जातीचे होते. एका गाडीवर दोन जाती कधीही मिसळू नयेत. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असेल तर वळणावर मागचे टोक आधी सुटते. चारही रेडियल घातल्यावर अलाइनमेंट जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर करू नये. ते आकडे जुन्या टायरसाठी होते. रेडियलला पॉझिटिव्ह कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव, जास्त लागतो, नाहीतर गाडी सरळ रस्त्यावर इकडेतिकडे भरकटते. या मापांचे बरेच टायर एस म्हणजे १८० किलोमीटरच्या दर्जाचे मिळतात. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीला ते पुरेसे आहेत.

आता आपले खड्डे. २५५/४० ची साइडवॉल १०२ मिलिमीटर, जुन्या स्कॉर्पिओची १५३. खड्ड्याच्या धारेवर आदळताना रिम आणि दगड यांच्यात साइडवॉल चिमटते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी तिथे फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही. कुणी पॅच मारून देतो म्हणाला तरी नाही. दिसण्यासाठी २० इंची चाके घालणाऱ्यांना हा खर्च वर्षातून एकदा तरी येतो. उलट एक इंच खाली उतरणे शहाणपणाचे : २५५/४५ आर १८ ची एकूण उंची २५५/४० आर १९ एवढीच, ६८७ मिलिमीटर भरते आणि साइडवॉल १०२ ची ११५ होते. मागे २७५/४५ आर १८ घातला तर ७०५, मूळच्या ७०३ ला अगदी जवळ. अडचण ब्रेकची. पुढे सहा पिस्टनचा मोठा कॅलिपर (ब्रेकची चकती पकडणारा भाग) असेल तर १८ इंची बरीच चाके त्यावर बसत नाहीत, म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापून आत फिरवून बघावा, मगच पैसे मोजावेत.

पंक्चर काढण्याच्या बाबतीत नियम कडक आहे. भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच दुरुस्ती, आणि तीही टायर रिमवरून उतरवून, आतून पाहून, मशरूम पॅचने (आत टोपी आणि भोकात दांडा असलेल्या). बाहेरून खुपसलेली स्ट्रिप घरी पोचण्यापुरती. हवा गेलेल्या टायरवर गाडी अर्धा किलोमीटर जरी चालली असेल तरी आतली बाजू घासून रबराचा भुगा पडलेला असतो. तो दिसला की टायर बाद.

दोन टायर बदलायचे झाले तर नवे मागे. ‘स्टिअरिंग पुढे आहे म्हणून नवे पुढे’ हा समज पक्का रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. पुढचे टायर पावसात घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की पुन्हा धरते. मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणे सराईतालाही जमत नाही. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत तर ओल्या वळणावर अॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला तरी हेच होते. मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच झिजेचे हवेत. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक मर्यादित ठेवणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत एक टायर नवा आणि एक झिजलेला असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतात. पुढे-मागे मापे वेगळी असल्याने दर आठ-दहा हजारांना होणारी अदलाबदल इथे होत नाही. टायर एका दिशेचे नसतील तर डावे-उजवे करता येतात, तेवढेच. साइडवॉलवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला हवा. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर हवी. घाईत उलटे बसवलेले टायर अनेकदा दिसतात. पाणी बाहेर फेकण्याऐवजी ते आत ओढतात.

बसवताना उभे राहून पाहावे, दुकानदाराला राग आला तरी चालेल. कमी उंचीची साइडवॉल साध्या मशीनवर लोखंडी पट्टीने ओढली की काठाची तार दुखावते. टायर दाबून धरणारा जादा यांत्रिक हात असलेले मशीन ज्या दुकानात आहे तिथेच जावे. व्हॉल्व्हच्या मागे हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, पट्टी त्याच्या विरुद्ध बाजूने घालायची. काठाला टायरची पेस्ट लावतात, ऑइल किंवा ग्रीस नाही. ग्रीस लावलेला टायर जोरात ब्रेक मारला की रिमवर सरकतो. काठ बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचे नाही. तेवढ्यात ‘टप्प’ आवाज आला नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची. नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नयेत. हाताने, चांदणीच्या क्रमाने, मग ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. २०१५ नंतरच्या मस्टँगला २०४ न्यूटन मीटर, इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तकात लिहिलेला आकडा. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासावे. अलाइनमेंट चारही चाकांची करावी, कारण २०१५ च्या मस्टँगपासून मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे. मागची टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कल, बिघडली तर आतली कड दोन महिन्यांत तारेपर्यंत जाते आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. नव्या टायरवर साच्यातला चिकट थर असतो. पहिले तीनशे किलोमीटर जोर लावू नये, निदान पावसात तरी.

हवेबद्दल थोडक्यात. दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा, टायरवर छापलेला नव्हे. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. मोजायचा सकाळी, गाडी थंड असताना. तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडला की एक पीएसआय बदलतो. मेच्या दुपारी ४० अंशांत ३५ भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत तीसवर येते. महामार्गावर धावताना दाब चार-सहा पीएसआय वाढतो, तो वाढू द्यावा. आनेवाडी टोलनाक्याजवळ थांबून गरम टायरची हवा सोडणे हा उलटा उद्योग आहे, कारण टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने. हवा कमी असली की साइडवॉल दुमडत राहते, तापते आणि धागे सुटतात. नायट्रोजन कोरडा असतो, तेवढाच फायदा; साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवावी आणि दर आठवड्याला अर्धा फेरा ढकलावी, नाहीतर टायरला खालून सपाट डाग पडतो. बाहेर काढताना जादा हवा सोडायला विसरू नये.

गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, इस्लामपूर-आष्टा-सांगली रस्त्यावर आणि कराडच्या आसपास ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पाचट, ऊस आणि काळ्या रानाची ढेकळे रस्त्यावर पडतात. दव पडलेल्या पहाटे ती चिवट साबणासारखी होतात. रुंद, बारीक खाचांच्या टायरमध्ये ती माती भरून बसते आणि मग नक्षी असून नसल्यासारखी होते. कारखान्याच्या फाट्याजवळ ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवून फिरणाऱ्यांना टायर कोणताही वाचवू शकत नाही.

शेवटी स्टेपनी. अशा बऱ्याच गाड्यांत ती नसते. टायरमध्ये भरायचा द्रव आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. जुलै २०२० च्या नियमाप्रमाणे ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. बाटलीवर मुदत असते, ती संपलेली आढळते. हा द्रव खिळ्याच्या भोकाला चालतो, साइडवॉल कापली असेल तर नाही, आणि वापरल्यावर पंक्चर काढताना सेन्सर धुवावा लागतो. केळघर किंवा कुंभार्ली घाटात साइडवॉल फाटली तर दोरीने टोचन करू नये आणि पुढची चाके उचलून, मागची रस्त्यावर ठेवूनही गाडी ओढू नये; गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल दोन्ही जातात. क्रेनवाल्याला फोनवरच सांगावे, सपाट पाट्याची गाडी आण आणि चढवताना नाक घासू नये म्हणून दोन लाकडी फळ्या सोबत घे.

आपला,
टायर व व्हील अलाइनमेंट व्यवसायातील एक वाचक, सातारा